घड्याळ फसवं, दोरा खरा!

समजा, तुमच्या मावशीचं लंडनचं तिकीट तुमच्या हाती पडलं. प्रवास जानेवारीतला. मुंबईहून दुपारी २ वाजता निघायचं आणि त्याच संध्याकाळी ६.३० ला लंडनला उतरायचं. म्हणजे साडेचारच तास! परतीचं विमान मात्र तिकडून रात्री ९ ला सुटतं आणि इथे दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला पोचतं. चक्क साडेचौदा तास! हे काय गौडबंगाल?

दोस्तांनो, तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते बरं का. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. (उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा साडेचार.) जाताना हे साडेपाच तास मिळवा, झाले दहा. येताना वजा करा, उरले नऊ. पण एका तासाचा फरक राहिलाच की!

ही करामत वाऱ्याची. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचावरून जातं. या वाटेवर तिथे बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. समोरून वारा आला की सायकल मारताना कशी दमछाक होते? विमानाचंही तसंच! मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा ताशी फक्त ५० किलोमीटर धरा. जाताना वेग उरतो ८५०, वेळ लागतो ८ तास २८ मिनिटं. येताना वेग होतो ९५०, वेळ ७ तास ३५ मिनिटं. बाकीचा वेळ धावपट्टी गाठण्यात, चढण्या-उतरण्यात आणि कधी उतरायला जागा मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालण्यात जातो.

आता हे ७,२०० किलोमीटर मोजायचे कसे? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवलीत तर फसाल! ती रेघ सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेजवळून जाते. त्याऐवजी पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते लंडन दोरा घट्ट ताणून धरा. (आईच्या शिवणाच्या डब्यातला चालेल, पण विचारून घ्या!) दोरा बराच उत्तरेला सरकतो आणि त्याचा मध्य येतो जॉर्जियाच्या तिबिलिसी शहराजवळ. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ताणली जाते, म्हणून पट्टी चुकते. पट्टीच्या रेघेवरून गेलं तर सुमारे दोनशे किलोमीटर जास्त पडतील, म्हणजे मुंबई-पुण्याहूनही अधिक!

पण दोऱ्याची वाट नेहमी मोकळी असतेच असं नाही. पुढे तो युक्रेनवरून जातो. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथे युद्ध भडकलं आणि ते आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. मग वैमानिकांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. वळसा म्हणजे जास्त इंधन, जास्त वेळ.

आपली या मार्गावरची पहिली सेवा ८ जून १९४८ रोजी सुरू झाली. एअर इंडिया इंटरनॅशनलच्या त्या विमानाचं नाव होतं ‘मलबार प्रिन्सेस’. पंख्याचं विमान! ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत थांबत लंडनला गेलं.

दोरा अजून हातात आहे ना? मग आता दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ताणा. तो कुठल्या बर्फाळ मुलखावरून जातो, ते बघून आईबाबांना कोडं घाला!