चाकणच्या थंडीत पाइप गोठत नाही

डिसेंबर लागला की भोसरी, तळवडे, चाकण, तळेगाव या पट्ट्यात कोल्ड रूम चालवणाऱ्यांकडून एकच वाक्य ऐकू येतं: "थंडीने ड्रेनचा पाइप गोठलाय." कँटीनचा सुपरवायझर म्हणतो, आइस्क्रीमचा वितरक म्हणतो, आणि ज्याने मुळीच म्हणू नये तो मेकॅनिकही म्हणतो. मग भिंतीबाहेरच्या पाइपला गोणपाट गुंडाळलं जातं, कुणी त्यावर हीटरची टेप लावतो, पैसे दिले जातात. आठ दिवसांत फ्रीझरच्या फरशीवर पुन्हा बर्फाचा थर आणि त्यावरून घसरणारा हमाल. दरवर्षी हे पाहून आता खरोखर चीड येते, कारण चूक साधी आहे आणि ती सुधारायला फार खर्चही येत नाही.

पाणी शून्य अंशाला गोठतं. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याने नोंदवलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान आहे १.७ अंश सेल्सिअस, तेही १७ जानेवारी १९३५ चं. एरवी जानेवारीतलं सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असतं. चाकण-तळेगावचा उघडा माळ शहरापेक्षा गार असतो हे मान्य. त्या सरासरीतून आणखी चार अंश कमी धरा. तरी शून्य येत नाही. यावर कुणीतरी हमखास महाबळेश्वर काढतं: वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, मग पाइप का नाही? गवताचं पातं पातळ असतं. निरभ्र रात्री ते उघड्या आकाशाकडे उष्णता टाकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं, म्हणून त्याच्यावरचं दव गोठतं. शेडच्या भिंतीला लागून खाली उतरणाऱ्या पाइपातलं वाहतं पाणी वेगळं. त्याला गोठायला भोवतालची हवाच तास न् तास शून्याखाली राहावी लागते, आणि तशी ती इथे राहत नाही.

हा समज आला कुठून हेही उघड आहे. कॅनडात, अमेरिकेच्या उत्तर भागात बाहेरची हवा उणे वीसपर्यंत जाते. तिथे बाहेरचा पाइप खरंच गोठतो आणि त्याला हीटर टेप लावावीच लागते. मशीनची माहितीपत्रकं तिकडच्या हवेसाठी लिहिलेली, मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओही तिकडचे. उपाय उचलला, हवामान मात्र कुणी पाहिलं नाही.

पातळ पदार्थ गारठून घट्ट होण्याला मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. पाणी गोठतं, तूप थिजतं. हे दोन शब्द नीट वापरले तरी निम्मं निदान होतं. भिंतीच्या आतला पाइप गोठतो. भिंतीच्या बाहेरचा पाइप तुंबतो, आणि हिवाळ्यात तुंबण्याचं मोठं कारण म्हणजे त्यात काहीतरी थिजलेलं असतं.

आधी आतलं पाहू. गोठवलेला माल उणे १८ अंश किंवा त्याखाली ठेवायचा, हा अन्नसुरक्षेचा नियम आहे. अशा खोलीत कॉइलवर हिम धरतं. ठरावीक वेळाने डिफ्रॉस्ट लागतो, हीटर ते हिम वितळवतो, पाणी खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि तिथून पाइपाने बाहेर जातं. त्या पाइपाचे पहिले काही फूट उणे १८ च्या खोलीतूनच जातात. तिथे मे महिना असो की जानेवारी, पाणी गोठणारच. म्हणून त्या पाइपात किंवा पाइपावर हीटर वायर असते, वरून इन्सुलेशन असतं आणि पाइपाला चांगला ढाळ दिलेला असतो. यातलं एक जरी बिघडलं तरी बर्फ धरतो. आतल्या पाइपाला ऋतू नसतो.

मग तक्रारी हिवाळ्यातच का वाढतात? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला खरी उत्तरं आहेत.

पहिलं कारण माणसांनी केलेलं. "बाहेर एवढी थंडी, आता हीटर कशाला?" असं म्हणून वीज वाचवायला ड्रेन हीटरचा एमसीबी खाली पाडला जातो. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी हेच पाहिलं: ट्रेखाली कंबरेएवढा बर्फाचा खांब, आणि पॅनेलवर तो एमसीबी नोव्हेंबरपासून बंद. साधारण ५० वॅट प्रति मीटरची ३ मीटर वायर धरली तर दिवसभरात ३.६ युनिट वीज जाते. त्या बचतीपायी पंखा बर्फात अडकून जळाला आणि अर्धी खोली रिकामी करावी लागली.

दुसरं कारण हवेचं आहे, पण लोक समजतात त्याच्या उलट. आपला हिवाळा कोरडा. पावसाळ्यात दर वेळी दार उघडलं की दमट हवा आत घुसते, कॉइलवर भरपूर हिम धरतं आणि डिफ्रॉस्टला पाण्याचा लोंढा येतो. तो लोंढा पाइप धुऊन बाहेर पडतो. हिवाळ्यात पाणी कमी, धार बारीक. बारीक धार गार पाइपात चटकन उष्णता गमावते. हीटर कमजोर असेल, ढाळ कमी असेल, तर ती वाटेतच बसते. पावसाळ्यात झाकून गेलेला दोष हिवाळ्यात उघडा पडतो, एवढंच.

तिसरं कारण ट्रॅपचं. भिंतीबाहेर पाइपाला जो यू आकाराचा वळसा देतात, त्यात पाणी साठून राहतं आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. कोरड्या हवेत, आवक कमी असताना, हे पाणी आटून जातं. डिफ्रॉस्टनंतर खोलीतली हवा पुन्हा गार होऊन आकसते आणि मोकळ्या पाइपातून बाहेरची हवा आत ओढते. त्या हवेतली वाफ ट्रेच्या तोंडाशीच गोठते, वर गटाराचा वास. उपाय काय? आठवड्यातून एकदा ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. ट्रॅप बाहेर, उबदार बाजूलाच हवा. फ्रीझरच्या आत बसवला तर त्यातलं साचलेलं पाणी पहिल्याच रात्री गोठतं. आणि "ट्रॅपमुळेच तुंबतं" म्हणून तो कापून टाकणाऱ्या मेकॅनिकला थांबवा.

आता बाहेरचं. कँटीनमध्ये कोल्ड रूमचा ड्रेन बऱ्याचदा भांडी घासायच्या मोरीच्या पाइपला जोडलेला सापडतो. मोरीतून वनस्पती तूप, रश्श्यावरचा तवंग जातो. घरातलं खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. वनस्पती तर त्याहून वरच्या तापमानाला घट्ट होतं. पहाटे १० अंशांत त्या पाइपाचं काय होणार, ते सांगायला नको. पाइप कापल्यावर आत पांढरा गोळा दिसतो आणि लोक त्याला बर्फ म्हणतात. हातात घेऊन पाहा. वितळून पाणी झालं तर बर्फ, बोटांना चिकटलं तर चरबी. कोल्ड रूमचा ड्रेन मोरीला किंवा गटाराला थेट जोडूच नये. तो उघड्या जाळीवर थोड्या उंचीवरून पडू द्यावा, म्हणजे तुंबलेलं घाण पाणी उलट्या वाटेने अन्नाच्या खोलीत चढत नाही.

या समजाचं सर्वांत मोठं नुकसान होतं ते तळेगाव आणि मावळातल्या गुलाबवाल्यांचं. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा, व्हॅलेंटाइन डेची निर्यात, कोल्ड रूम गच्च भरलेल्या. फुलांची खोली २ ते ४ अंशांवर असते, म्हणजे शून्याच्या वर. तिथे ड्रेन आतही गोठत नाही आणि बाहेरही नाही. तरी तिथेही तेच वाक्य! तिथला पाइप पानांच्या तुकड्यांनी, पाकळ्यांनी, धुळीने आणि बुळबुळीत शेवाळी थराने तुंबतो. ट्रे भरून पाणी खाली कळ्यांवर ठिबकतं. ओल्या पाकळीवर बोट्रायटिसची करडी बुरशी वाढते आणि तिचे डाग पेटी परदेशात उघडल्यावर दिसतात. टेप गुंडाळून यातलं काहीही सुटत नाही. हंगामाआधी, जानेवारीच्या सुरुवातीलाच, ट्रे काढून घासला आणि पाइपातून बादलीभर पाणी सोडून पाहिलं तर सुटतं.

बाकीचे समज एकेका ओळीत. मीठ टाकलं की बर्फ वितळतो, खरं आहे, पण खारं पाणी ट्रेचा पत्रा आणि कॉइलचे अॅल्युमिनियमचे पापुद्रे खातं. उकळतं पाणी ओतलं तर पीव्हीसी पाइप मऊ होऊन खचतो, ढाळ जातो. कोमट पाणी पुरतं. स्क्रू ड्रायव्हरने बर्फ फोडू नका, कॉइलला भोक पडलं की सगळा गॅस गेला. दुकानातल्या कूलरखाली पाणी दिसलं म्हणजे गॅस गळतोय असं नाही. गॅस गळून पाणी होत नाही, ते ड्रेनचंच पाणी. कॉइलवर जाड बर्फ म्हणजे चांगलं कूलिंग, हेही चूक. बर्फ हवा अडवतो आणि माल गरम होतो.

तपासणी अर्ध्या तासाची आहे. ड्रेन हीटरच्या वायरवर क्लॅम्प मीटर लावा: १५० वॅटच्या वायरला २३० व्होल्टवर सुमारे ०.६५ अँपिअर दिसले पाहिजेत. शून्य दिसलं तर वायर तुटली आहे किंवा कुणीतरी बंद केली आहे. ढाळ मोजा, मीटरला किमान २० मिलिमीटर. फ्रीझरमध्ये जास्त असेल तितका बरा. डिफ्रॉस्ट चालू असताना बाहेरच्या टोकाशी उभं राहून पाणी येतं का ते स्वतः पाहा.

मालकांना आणि सुपरवायझरना एक विनंती. यंदा कुणी "थंडीने गोठलाय" म्हणालं तर बाहेरच्या पाइपला टेप लावायचे पैसे देऊ नका. आधी ड्रेन हीटरचा अँपिअर किती आला ते कागदावर लिहून मागा.