गिरीजची डोंगरी, नेवाळीची धावपट्टी

वसई गावाच्या उत्तरेला गिरीज लागते. केळीच्या वाड्या, विहिरी, गोड्या पाण्याची बावखले आणि या सपाटीत मध्येच वर आलेली एक लहानशी डोंगरी. माथ्यावर दत्ताचे देऊळ आहे, त्यामुळे बहुतेक माणसे डोंगरीवर जातात ती दर्शनाला. गावाच्या बोलण्यात ती हिराडोंगरी. दुर्गप्रेमींच्या यादीत तिचे नाव वज्रगड.

गड म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभे राहते, त्यातले इथे फारसे काही नाही. तटबंदीच्या तुरळक खुणा आहेत. त्या ओळखायलाही कुणीतरी सोबत असावे लागते. पण माथ्यावर उभे राहिले की ही जागा का धरली असेल, हे लगेच कळते. पोर्तुगीजांनी १५३४ च्या तहाने वसई मिळवली आणि पुढची दोनशे वर्षे इथे राज्य केले. त्यांचा किल्ला समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात आहे. जमिनीवरून त्याच्याकडे जायची वाट उत्तरेकडून. १७३७ साली मराठी फौजा साष्टीत उतरल्या आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. या दोन वर्षांत त्या वाटेवर नजर ठेवता येईल अशा प्रत्येक उंचवट्याला किंमत आली. चारही बाजूंना सपाट वाड्या असल्यावर एवढीशी टेकडीही पुरते. वज्रगडाचे बांधकाम लहान असले तरी त्याची नजर मोठी होती.

ही नजर टिकावी म्हणून वसईतली काही मंडळी राबत असतात. किल्ले वसई मोहीम परिवारासारख्या संस्था या भागातल्या किल्ल्यांवर श्रमदान, इतिहासफेऱ्या आणि विजयदिनाचे कार्यक्रम करत आल्या आहेत. पावसाळा सरला की गवत कमरेएवढे झालेले असते. कोयते, घमेली, पाण्याच्या बाटल्या घेऊन सकाळी लवकर निघायचे आणि ऊन चढायच्या आत खाली यायचे. बाहेरून पाहणाऱ्याला हे नुसते साफसफाईचे काम वाटते. त्यात किती सांभाळून राहावे लागते, हे एकदा हातात कोयता घेतल्याशिवाय समजत नाही. दगडांच्या सांध्यात वाढलेला पिंपळ उपटून काढायचा नसतो, कारण मुळांनी धरून ठेवलेले दगड मुळांबरोबरच सुटतात. निखळलेला दगड सिमेंट लावून बसवायचा नसतो. सापडलेले खापर खिशात घालायचे नसते. संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हातच लावायचा नसतो. १९५८ चा कायदा त्यासाठीच आहे. उत्साहाने येणाऱ्या नव्या पोरांना पहिले शिकवावे लागते ते काय करायचे नाही हे.

दुसरे शिकवावे लागते ते वाचन. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या ४५ खंडांत वसईच्या मोहिमेचा पत्रव्यवहार छापलेला आहे. त्यात मोर्चे आहेत, सुरुंग आहेत, दाणागोटा आहे, उशिरा पोचलेल्या दारूगोळ्याबद्दलची कुरकुरही आहे. हे कागद मूळ मोडीत. त्यामुळे गडावर गवत कापायला आलेला एखादा मुलगा दोन-तीन वर्षांत मोडीच्या वर्गाला जाऊन बसतो. ही वाट महाराष्ट्रात आता चांगली मळलेली आहे. या मोडीची गरज पुढे लागणार आहे, म्हणून ती इथे नोंदवून ठेवतो.

डोंगरीवरून खाली येताना एक प्रश्न मला बरीच वर्षे सतावत आला आहे. वसईची मोहीम होऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तिच्या एका चौकीसाठी माणसे घाम गाळतात. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच्या महायुद्धानेही याच मुलखात आपल्या खुणा ठेवल्या आहेत. वज्रगडाच्या मानाने त्या अवाढव्य आहेत. मग तिथे कुणी का जात नाही? माझ्या मनात आहे ती जुन्या ठाणे जिल्ह्यातलीच, कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची नेवाळीची धावपट्टी.

ती तिथे का आली, हे समजून घ्यायला १९४२ सालात जावे लागते. मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबो, काकिनाडा आणि विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. तोवर हिंदुस्थानातली लष्करी तयारी वायव्य सरहद्दीकडे तोंड करून बसली होती. ती एकदम फिरवावी लागली आणि देशभर दोनशेच्या वर विमानतळ बांधण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. मुंबई हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. कल्याणला रेल्वेचे मोठे जंक्शन आणि शेजारी विस्तीर्ण लष्करी छावणी. धावपट्टीला सपाट जमीन लागते, आणि आपल्याकडे सपाट जमीन म्हणजे भाताची खाचरे. नेवाळी, भाल, द्वारली, मांगरूळ अशा गावांच्या परिसरातली दीड हजारांहून अधिक एकर जमीन यात गेली.

एवढी जमीन कशाला लागते, असा प्रश्न पडतो. नुसती धावपट्टी थोड्या जागेत होते. पण युद्धकाळी विमाने एका जागी उभी करता येत नाहीत. एका बॉम्बने सगळी जातील. म्हणून ती दूर दूर विखरून ठेवतात. प्रत्येक विमानासाठी काँक्रीटचा वेगळा गोल आणि त्याला मुख्य वाटेशी जोडणारी चिंचोळी पट्टी. वरून पाहिल्यावर त्याचा आकार दांडीच्या तव्यासारखा दिसतो, आणि इंग्रज वैमानिक त्याला तळणीचा तवाच म्हणत. शिवाय दारूगोळा वस्तीपासून लांब, इंधन त्याहून वेगळीकडे, माणसांच्या बराकी आणखी तिसरीकडे. किल्ला सगळे तटाच्या आत आवळून घेतो, तर विमानतळ सगळे पांगवतो. त्यामुळे विमानतळाचा अवशेष एका नजरेत सापडत नाही. एका शेतात काँक्रीटचा तुकडा, एका गोठ्याखाली जोते. हा किल्ल्यांपेक्षा अवघड वारसा आहे. छायाचित्रात तर तो अजिबात उठून दिसत नाही.

जे विमानतळ पुढे चालू राहिले, त्यांनी आपला इतिहास स्वतःच पुसला. सांताक्रूझ युद्धात लष्करी तळ होता, हे आज तिथून उडणाऱ्यांना कुठे दिसते? कल्याणच्या छावणीचे तर गावच झाले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्या बराकींत आसरा दिला गेला, १९४९ मध्ये वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले, आणि आजही तिथला माणूस पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असेच सांगतो. लष्कर गेले, आकडे राहिले.

परदेशात अशा जागांना जपणारे पुष्कळ आहेत. इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यात थॉर्प ॲबट्स नावाचा तळ होता. अमेरिकेच्या १०० व्या बाँब ग्रूपची बी-१७ विमाने १९४३ पासून तिथून जर्मनीवर जात, आणि त्यांतली फार मोठ्या संख्येने परत येत नसत. युद्ध संपले, तळ ओस पडला, नियंत्रणाच्या मनोऱ्यात झुडपे वाढली. १९७७ मध्ये आसपासच्या हौशी लोकांनी तो साफ करायला घेतला आणि १९८१ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. ते आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालते. ब्रिटनमधली दुसरी एक संस्था तर विस्मृतीत गेलेल्या विमानतळांच्या जागी दगडी स्मारके बसवत फिरते. आपल्या देशात इम्फाळला असे काम झाले. १९४४ च्या लढाईत वेढलेल्या सैन्याला रसद विमानाने पोचली ती त्या खोऱ्यातल्या सहा धावपट्ट्यांवर. त्यांतली तुलिहाल आजचा विमानतळ आहे, कोइरेंगेई मात्र जुन्या रूपात शिल्लक राहिली. तिथल्या स्थानिक अभ्यासकांनी रणभूमी पायी पालथी घातली, गंजलेले अवशेष गोळा केले, दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या नातवंडांना जागा दाखवल्या. २०१९ मध्ये इम्फाळजवळ शांती संग्रहालय उभे राहिले, त्यामागे अशी बरीच वर्षांची पायपीट आहे.

हे वाचून आपल्याकडच्या एखाद्या उत्साही संस्थेला वाटेल, चला, पुढच्या रविवारी नेवाळीला श्रमदान करू. मला तसे वाटत नाही. सांगतो का ते.

युद्धकाळात जमीन घेण्याचे दोन रस्ते होते. एक अधिग्रहण, म्हणजे मालकी मालकाकडेच ठेवून सरकारने तात्पुरता ताबा घेणे. ‘डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स’मधील ७५-अ हा नियम त्यासाठी होता. दुसरा संपादन, म्हणजे मोबदला देऊन मालकीच घेणे. युद्ध संपल्यावर पहिल्या प्रकारच्या जमिनी परत करायच्या होत्या. पण १९४७ च्या एका कायद्याने ताब्याची मुदत वाढली आणि १९५२ च्या कायद्याने ताब्यातल्या काही जमिनी कायमच्या घेण्याची तरतूद झाली. या दोन शब्दांमधल्या फटीत देशभरातली कितीतरी गावे अडकली. नेवाळीच्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, जमीन युद्धापुरती घेतली होती आणि ती परत मिळायला हवी. संरक्षण खात्याचे म्हणणे, जमीन आपली. २०१० च्या सुमारास नवी मुंबईच्या विमानतळाला पर्याय म्हणून कल्याणचे नाव पुढे आले, तेव्हा या धावपट्टीची चर्चा तेवढ्यापुरती झाली. नंतर नौदलाने तिथे भिंत बांधायला घेतली, आणि २२ जून २०१७ रोजी आंदोलन पेटले. पोलिसांच्या गाड्या जळल्या, आंदोलकांवर छऱ्यांचा मारा झाला, दोन्हीकडचे लोक जखमी झाले.

अशा जागी बाहेरून कुणी ‘वारसा’ म्हणत गेले, तर तो शब्द कसा ऐकू येईल? इंग्लंडमध्ये बऱ्याच तळांची जमीन पुन्हा शेतीकडे गेली. धावपट्ट्या फोडून त्यांची खडी रस्त्याला वापरली, काही ठिकाणी त्यांच्यावर टर्की पाळण्याच्या लांबच लांब शेड उभ्या राहिल्या. भोवती पुन्हा नांगर फिरला, म्हणून मधला मनोरा आठवणीसाठी ठेवायला कुणाची ना नव्हती. इथे आठवण अजून कज्ज्यात आहे. काँक्रीट जपा म्हणणारा माणूस गावकऱ्याला भिंत बांधणाऱ्याचाच भाऊ वाटणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

पण म्हणून नेवाळीत जपण्यासारखे काही नाही, असे मी म्हणणार नाही. काँक्रीट आणखी शंभर वर्षे राहील. नाशवंत आहेत ते कागद. जमीन घेताना दिलेल्या नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, हक्कनोंदीतले फेरफार, धावपट्टीखाली गेलेल्या शेतांची नावे. आपल्याकडे शेताला नाव असते: अमक्याचे खाचर, तमक्या झाडाखालचा तुकडा. मोजणीच्या नकाशावर त्याचा फक्त आकडा असतो. आकडा सरकारी दप्तरात मिळेल. नाव मात्र म्हातारीच्या तोंडी असते आणि तिच्याबरोबर जाते. १९४२ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीपार आहे. खाचरात रोलर फिरताना पाहिलेली किती माणसे आता उरली असतील?

इथेच वज्रगडावर शिकलेली मोडी उपयोगी पडते. त्या काळातल्या घरगुती कागदांत, जुन्या खतांत मोडी भेटते, आणि आज ज्यांच्या पेटीत ते कागद आहेत त्या घरांत ती वाचणारे बहुधा कुणी नसते. गडावर फिरणाऱ्या पोरांना दगड वाचायची, नकाशा जमिनीशी ताडून पाहायची, म्हाताऱ्यांकडून धीराने ऐकून घ्यायची सवय झालेली असते. हीच सवय घेऊन ती नेवाळी-मांगरूळच्या ओसरीवर बसली, कागदांची छायाचित्रे काढली, मोडीचे बाळबोध करून त्याची एक प्रत त्याच घरात ठेवली, तर ते जतनच आहे. त्या कागदांतून शेतकऱ्याची बाजू पक्की होईल की सरकारची, याचा हिशोब जतन करणाऱ्याने करायचा नाही. जे लिहिले आहे तेच उतरवायचे. वसईच्या मोहिमेच्या कागदांतही आपल्याला न रुचणाऱ्या गोष्टी आहेतच, आणि त्या छापल्या गेल्या म्हणून आज मोहीम कळते.

एक अडचण मात्र खरी आहे. वज्रगडाला विजयाची कथा आहे. ढोल वाजवून, भगवा लावून तिथे चढता येते, नव्या मुलांना बोलावणे सोपे जाते. नेवाळीला विजय कुणाचा म्हणायचा? जपानी विमाने कल्याणवर आलीच नाहीत. ज्या युद्धासाठी जमीन गेली, ते जिंकले; जमीन ज्याची गेली, त्याला त्या जिंकण्यातले काय मिळाले, हे विचारायला ऐंशी वर्षांत फार थोडे लोक गेले. श्रमदानाच्या आमंत्रणात हे कसे लिहायचे, मला अजून सुचलेले नाही.

गेल्या थंडीत डोंगरीवर गवत काढणाऱ्या एका तुकडीबरोबर चढलो होतो. काम आटोपल्यावर सगळे देवळामागच्या सावलीत बसले. मी नेवाळीचे सांगितले. बहुतेकांनी ऐकून घेतले, एक-दोघांनी फोनवर वरून काढलेला नकाशा उघडला. हिरव्या-करड्या वस्तीच्या मधोमध ती लांब फिकट पट्टी अजून स्पष्ट दिसते. एका मुलीने ती बोटांनी मोठी केली, कडेची जुनी बांधांची रेघ धावपट्टीखाली शिरून पलीकडे पुन्हा निघते का ते पाहिले, आणि मोजणीचा जुना नकाशा कुठल्या कचेरीत मिळेल असे विचारले.