शब्दावडंबर : एका टीकाशब्दाचा अर्थ आणि व्यवहार

ज्या भाषेचा आवाज मोठा आणि आशय तोकडा असतो, तिला मराठीत 'शब्दावडंबर' म्हणण्याचा प्रघात आहे. सभेतील भाषण, नाटकातील स्वगत, ग्रंथाची प्रस्तावना, मानपत्राचा मजकूर अशा अनेक ठिकाणी हा शब्द योजला जातो. तो योजणे सोपे आहे. त्याने नेमका कोणता दोष दाखविला जातो हे सांगणे मात्र तितकेसे सोपे नाही. पुष्कळदा समीक्षक एखादी शैली आपल्याला रुचली नाही एवढेच या शब्दाने सांगतो आणि वाचक त्याला सिद्ध झालेला दोष समजतो. म्हणून या शब्दाचा मूळ अर्थ, त्याचा मराठीतील व्यवहार आणि त्याच्या वापराच्या मर्यादा तपासून पाहणे आवश्यक ठरते.

'अवडंबर' या मराठी शब्दाचे नाते संस्कृत 'आडंबर' या शब्दाशी आहे आणि 'आडंबर' हे मुळात एका वाद्याचे नाव आहे. वाजसनेयी संहितेच्या ३०व्या अध्यायात पुरुषमेधाच्या संदर्भात निरनिराळ्या व्यवसायांच्या माणसांची जी यादी येते, तीत 'आडंबर' वाजविणाऱ्याचा उल्लेख असून त्याचा संबंध 'शब्दा'शी, म्हणजे ध्वनीशी जोडलेला आहे. पुढे वाद्याचे नाव त्याच्या नादाला मिळाले. अमरकोशात या शब्दाचे अर्थ रणवाद्यांचा घोष आणि गजराजांची गर्जना असे दिलेले आहेत. नादाकडून भव्यतेकडे आणि भव्यतेकडून देखाव्याकडे हा अर्थप्रवास झाला. दाटून आलेल्या मेघांना 'मेघडंबर' म्हटले गेले. रायगडावर सिंहासनाच्या जागी उभारलेल्या छत्राला 'मेघडंबरी' म्हणतात. तेथे या शब्दाच्या कुळातील वैभव तेवढे उरले आहे, निंदेचा लवलेशही नाही.

भाषेच्या संदर्भात या शब्दाचा उपयोगही जुना आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाने 'हर्षचरिता'च्या आरंभी निरनिराळ्या प्रदेशांतील कवींची वैशिष्ट्ये सांगताना गौड देशाच्या वाट्याला 'अक्षरडंबर' दिला आहे. दंडीनेही 'काव्यादर्शा'त पौरस्त्य कवींच्या काव्यपद्धतीचा विचार करताना 'डंबर' हाच शब्द वापरला आहे. विशेष असे की, ज्या बाणाने हा शेरा नोंदविला त्याचे स्वतःचे गद्य दीर्घ समासांनी ओतप्रोत भरलेले आहे. म्हणजे समासांची लांबी किंवा अलंकारांची संख्या यांनाच अवडंबर म्हणावे, असे त्या परंपरेतही मानलेले दिसत नाही. दीर्घ समास हे 'ओज' या गुणाचे लक्षण म्हणूनही सांगितले गेले आहे. एकच साधन एके ठिकाणी गुण आणि दुसरीकडे दोष ठरते, हे येथेच लक्षात ठेवावयास हवे.

मराठीत 'अवडंबर' हे नपुंसकलिंगी नाम आहे आणि त्याच्या सोबतीला बहुधा 'माजविणे' किंवा 'माजणे' हे क्रियापद येते. तण माजते, रान माजते, बेदिली माजते. जे मर्यादेत असावयास हवे होते ते हाताबाहेर वाढले, हा भाव या क्रियापदात आहे. शिवाय अवडंबर नेहमी कशाचे तरी असते : सोवळ्याओवळ्याचे अवडंबर, मानपानाचे अवडंबर, तंत्राचे अवडंबर. षष्ठीने निर्देशिलेली मूळ गोष्ट निंद्य असतेच असे नाही; तिचा विस्तार प्रमाणाबाहेर गेला, ही तक्रार असते. 'स्तोम' या शब्दाचा इतिहास याला समांतर आहे. वेदांतील स्तुतिवाचक 'स्तोम' मराठीत आला तो माजविण्यासाठीच! 'शब्दावडंबर' या समासाचा विग्रहही याच अंगाने करावा लागतो. शब्द वाईट नाहीत, ते माजले आहेत.

भारतातील इतर भाषांशी तुलना केली असता हा मराठी विशेष अधिक स्पष्ट होतो. हिंदीत 'आडंबर' हे मूळ रूप टिकून आहे आणि त्याचा रोख प्रायः ढोंगीपणाकडे, विशेषतः धार्मिक देखाव्याकडे असतो. भाषेपुरता दोष दाखवावयाचा तर 'शब्दाडंबर' म्हणतात. बंगालीत 'आडंबर' हा समारंभाच्या थाटामाटाचा वाचक असून तो निंदाव्यंजक असतोच असे नाही. पोकळ बोलण्याला मात्र 'वागाडंबर' हा स्वतंत्र शब्द आहे. मलयाळममध्ये याच शब्दाने चैन, ऐषआराम असा अर्थ धारण केला असून तो महागड्या वस्तूंच्या संदर्भातही सहज वापरला जातो. साहजिकच, यांपैकी एखाद्या भाषेतून मराठीकडे येणारा अभ्यासक ओळखीच्या शब्दामुळे फसण्याचा संभव असतो. मराठी 'अवडंबर' म्हणजे चैन नव्हे आणि ढोंगही नव्हे. सोवळ्याचे अवडंबर माजविणारा मनुष्य त्या सोवळ्यावर मनापासून श्रद्धा ठेवणारा असू शकतो. तसाच शब्दांचे अवडंबर करणारा वक्ताही पूर्णपणे प्रामाणिक असू शकतो.

मराठीतील जवळच्या शब्दांपासूनही हा शब्द वेगळा काढावा लागतो. 'पाल्हाळ' हा लांबीचा दोष आहे. अवडंबर एका वाक्यातही होऊ शकते. 'क्लिष्टता' हा दुर्बोधतेचा दोष आहे. एखादे शासकीय परिपत्रक क्लिष्ट असते, पण त्यात बहुधा आवेश नसतो. 'रक्तबंबाळ'च्या धर्तीवर बनलेला 'शब्दबंबाळ' हा शब्द शब्दांच्या नुसत्या अतिरेकावर बोट ठेवतो. 'नाटकी' या शब्दाचा रोख बोलणाऱ्याच्या हावभावांवर आणि भावनेच्या खोटेपणावर असतो. 'नाट्यपूर्ण' हा मात्र प्रशंसेचा शब्द आहे. 'पल्लेदार' हीदेखील प्रशंसाच : वाक्याने लांबचा पल्ला गाठला आणि अर्थालाही तेथवर नेले. अर्थ मागे राहिला आणि वाक्य एकटेच पुढे गेले की पल्लेदारपणाचे अवडंबर होते.

या शब्दाची खरी कसोटी रंगभूमीवर लागते. कारण तेथे मोठ्याने बोलणे हा व्यवसायाचाच भाग आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. त्यानंतर फिरतीवर निघालेल्या मंडळ्यांच्या पौराणिक नाटकांत राक्षसपात्रे आरोळ्या ठोकीत प्रवेश करीत. तो थाट पुढे 'अललडुर्र' या नावाने चेष्टेचा विषय झाला. नाट्याभिरुची बदलली, देवलांच्या १८९९ सालच्या 'शारदा' नाटकात घरगुती बोलीला प्रतिष्ठा मिळाली. परंतु उच्च स्वराची भाषा त्यामुळे नाहीशी झाली नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (१९०७) कीचकाच्या तोंडी उन्मत्त बढाईची भाषा आहे. ती नाटककाराचे शब्दावडंबर नसून कीचकाच्या सत्तामदाचे चित्र आहे. प्रेक्षकांनी त्या कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखले आणि सरकारनेही नाटकाचा अर्थ ओळखून १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त तळीराम आणि त्याचे सोबती दारूबाजीसाठी 'आर्यमदिरामंडळ' स्थापन करतात, तेव्हा संस्था, सभा आणि सुधारणा यांची भारदस्त भाषा मद्यपानाला जोडली जाते आणि त्या विसंगतीतून विनोद निर्माण होतो. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात न्यायालयाची औपचारिक भाषा खेळ म्हणून सुरू होते आणि हळूहळू बेणारेबाईंना कोंडीत पकडण्याचे हत्यार बनते. या तिन्ही ठिकाणी भाषेचा फुगा नाटककाराने जाणूनबुजून फुगविलेला आहे. पात्राचे अवडंबर आणि लेखकाचे अवडंबर यांत भेद न करणारी समीक्षा येथे अपुरी पडते.

प्रसंगाचे भानही इतकेच महत्त्वाचे आहे. पोवाडा हा मुळातच डफाच्या साथीने आणि समुदायापुढे गाण्याचा प्रकार आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्यासारखे शाहीर ज्या मेळाव्यांपुढे उभे राहिले, तेथे पुनरुक्ती, संबोधन आणि चढता स्वर ही शोभेची साधने नव्हती. दूरच्या श्रोत्यापर्यंत अर्थ पोहोचविण्याची आणि विखुरलेल्या माणसांना एका भावनेत बांधण्याची ती रीत होती. एकांतात वाचण्याच्या संयत गद्याचे माप या रचनांना लावले, तर त्या सर्वच शब्दावडंबर ठरतील आणि मराठीतील मौखिक परंपरेचा मोठा भाग एका शिक्क्यासरशी बाद होईल. याउलट, चार माणसांच्या बैठकीत पोवाड्याचा स्वर लावणाऱ्याला हा शब्द यथार्थपणे लागू पडेल.

तेव्हा 'शब्दावडंबर' हा शब्द उच्चारण्यापूर्वी तीन गोष्टींचा निर्णय करणे इष्ट आहे. हा मोठा आवाज कोणाचा आहे, लेखकाचा की त्याने उभ्या केलेल्या पात्राचा? तो कोणत्या प्रसंगी आणि किती जणांसाठी लावलेला आहे? आणि तो उतरवून तेच म्हणणे साध्या शब्दांत मांडले, तर काही हरवते का? काहीच हरवत नसेल तर आरोप सिद्ध झाला असे समजावे. काही हरवत असेल तर ते काय आहे, हे सांगण्याचे दायित्व समीक्षकावर येते. आडंबर हे मुळात वाद्य होते आणि वाद्याचा मोठा आवाज हा त्याचा दोष नव्हे. ते कोठे आणि कशासाठी वाजविले जाते, यावरच त्याची योग्यायोग्यता ठरते.