फटफटीची बेगमी

अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर, असदगडाच्या आश्रयाने वसलेले आहे. तेथील बोळांतून मोटार वळविणे कष्टाचे, म्हणून दुचाकीच खरी उपयोगाची. अशा वस्तीत ज्या घरी वडिलांच्या वेळची जावा अथवा येझदी फटफटी अद्यापि चालत्या स्थितीत असेल, त्या घराला एक चिंता कायमची लागलेली असते. उद्या एखादा भाग निकामी झाला, तर तो आणावा कोठून?

ही चिंता निराधार नव्हे. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे त्यांस येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा व २०२२ मध्ये येझदी ही नावे बाजारात पुन्हा अवतरली खरी. परंतु नव्या गाडीचे इंजिन चार स्ट्रोकचे व पाण्याने थंड होणारे, तर जुन्या गाडीचे दोन स्ट्रोकचे व वाऱ्याने थंड होणारे. कुलनाम एक, पण रक्ताचे नाते नाही! तेव्हा जुन्या गाडीस आधार तिघांचाच: दुकानांत पडून राहिलेला मूळ माल, मागाहून इतरांनी घडविलेले भाग, आणि भंगारात निघालेल्या भगिनी.

यामुळे पुष्कळ हौशी गृहस्थ दृष्टीस पडेल तो भाग विकत घेऊन कोनाडे भरून टाकतात. यात पैसा जातो आणि निश्चिंती मात्र येत नाही. घरची गृहिणी ज्वारी वर्षाची भरते, भाजी भरीत नाही. तोच विवेक येथे हवा. बॉल बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो व त्या क्रमांकाचे बेअरिंग कोणत्याही यंत्रासाठी तेच असते. ते साठविण्याचे कारण नाही. बुश तर चांगला लेथवाला नमुना पाहून कातून देतो. यास्तव झिजलेला भाग भंगारवाल्यास देऊ नये; नमुना म्हणून तोच उपयोगी पडतो.

जे लेथवर सहजी होत नाही, त्याचा संग्रह करावा. गिअरची दातेरी चाके, कनेक्टिंग रॉडचा संच आणि पिस्टन हे त्यांतील मुख्य. पिस्टन घेण्यापूर्वी मात्र सिलिंडर मोजून घ्यावा. त्याचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर. तो झिजला की बोअर करून किंचित मोठा करतात व त्या मापाचा पिस्टन बसवितात. एकदा बोअर झालेल्या गाडीच्या धन्याने मूळ मापाचे चार पिस्टन जपून ठेवले, तर ते टेबलावर कागद दाबण्याच्याच कामाचे.

सर्वांत फसवा भाग म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांस बसणारे रबरी ऑइल सील. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोल, तेल व हवा यांचे मिश्रण प्रथम क्रँकच्या पेटीत दाबले जाते व मग सिलिंडरमध्ये चढते. म्हणून ती पेटी हवाबंद असावी लागते. एका बाजूचे सील कडक झाले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि भर रस्त्यात अडकून बसतो. दुसऱ्या बाजूचे फुटले तर गिअरचे तेल आत ओढले जाऊन पांढऱ्या धुराचे लोट निघतात. एवढासा भाग, पण इंजिनाचे प्राण त्यावर!

परंतु रबर न वापरताही म्हातारे होते. अकोल्यास मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पत्र्याच्या छपराखाली तर त्याहून अधिक. यास्तव सील दहा न घेता दोन संच घ्यावेत, वेष्टनावर खरेदीचे साल लिहावे व ते घरातील थंड, काळोख्या कपाटात ठेवावेत. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व जुन्या रबरास ते मानवत नाही. पेट्रोलची नळी म्हणूनच ताजी घ्यावी. पोलादी भागांस तेल चोपडून मेणकागदात गुंडाळले म्हणजे पावसाळ्याची भीती राहत नाही.

कित्येक जण सुट्या भागांसाठी बंद पडलेली दुसरी गाडीच विकत घेतात. हा मार्ग बरा. परंतु इंजिनाच्या पेटीवर क्रमांक असतो व तोच नोंदणीपुस्तकात असतो. ती पेटी परस्पर बदलल्यास परिवहन कार्यालयात खुलासा करण्याची पाळी येते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरील वाहनांस पुरातन वाहन म्हणून निराळी नोंदणी देऊ केली. पण चौकट वा इंजिन यांत लक्षणीय फेरफार झालेला नसावा, अशी अट घातली. शिवाय असे वाहन नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्यास रोज याच गाडीवरून बाजारात जावयाचे आहे, त्याने नेहमीची नोंदणीच मुदतीत नवी करून घेत राहावे.