चार मिलिसेकंदांवरची मुंबई

नागपूर-अमरावती महामार्गावर, संत्र्यांच्या पट्ट्यात, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं तळेगाव (श्यामजी पंत) लागतं. तिथून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. प्रकाशाचं गणित मात्र वेगळं आहे. काचेच्या तंतूतून तो सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे तळेगाव ते मुंबई हे अंतर तो चारेक मिलिसेकंदांत कापतो. पापणी लवायला याच्या पंचवीसपट तरी वेळ लागतो!

या वेगावर आज डॉक्टरांचं शिक्षण चालतं. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी टिकवायची तर दर पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. पूर्वी त्यासाठी दवाखाना बंद ठेवून नागपूर-पुणे गाठावं लागे. तालुक्यातला एकुलता एक भूलतज्ज्ञ तिथल्या व्याख्यानांना गेला की त्या दिवशीच्या सिझेरियनला भूल कुणी द्यायची? आता ओपीडी आटोपली की रात्री नऊला मोबाइलवर वर्ग भरतो.

वीस वर्षांपूर्वी हेच काम आकाशातून व्हायचं. २० सप्टेंबर २००४ रोजी इस्रोनं खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला. तो ३६ हजार किलोमीटर उंचीवर; प्रश्न वर जाऊन खाली यायचा, उत्तरही तसंच. या हेलपाट्यात प्रकाशाचासुद्धा जवळजवळ अर्धा सेकंद जाई.

खरी करामत चित्रात आहे. व्हिडिओ पाठवताना यंत्र प्रत्येक वेळी सगळं चित्र पाठवत नाही. चित्राचे बारीक चौकोन पाडून फक्त जिथं काही हललं तेवढंच ते कळवतं. स्लाइड स्थिर असते, त्यामुळे साध्या नेटवरही व्याख्यान सुरळीत चालतं. पण हृदयाची सोनोग्राफी दाखवायची म्हटलं की पंचाईत! तिथं झडप प्रत्येक ठोक्याला हलते आणि नेट अपुरं पडलं तर नेमकी तिचीच कड पुसट होते. म्हणून जाणते तज्ज्ञ मूळ फाइल, रुग्णाचं नाव काढून, आधीच पाठवतात आणि चर्चेत प्रत्येक जण ती आपापल्या संगणकावर उघडतो.

हे शिकणं रुग्णापर्यंत पोचतं का? याचं उत्तर मिळालं अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात शिकलेले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा तिथल्या विद्यापीठात काम करत. हेपटायटिस-सीच्या रुग्णांना त्यांच्या दवाखान्यात महिनोन्‌महिने ताटकळावं लागे. २००३ मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. खेड्यांतले आणि तुरुंगांतले डॉक्टर पडद्यावर यायचे, आपली केस मांडायचे आणि सगळे मिळून उपचार ठरवायचे. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्णांना गुण आला, तर खेड्यापाड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या केंद्रांवर ५८.२ टक्के. फरक जवळपास शून्य!

या आकड्यामागे मला व्याख्यान दिसत नाही, केस दिसते. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्येही हीच पद्धत आहे: दूरचा डॉक्टर अवघड रुग्णाची माहिती पडद्यावर मांडतो आणि अनेक शाखांचे तज्ज्ञ त्यावर खल करतात.

आणि शिकवण फक्त वरून खालीच येते, असंही नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. १९८६ मध्ये तो लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कोकणातल्या खेड्यातला अनुभव जगभरच्या डॉक्टरांनी वाचला, तोही टपालानं.

२०२०च्या टाळेबंदीत वेबिनारचं पेव फुटलं. त्यांतले बरेच माझ्या मते निव्वळ वेळकाढू होते: वक्ता बोलतोय, ऐकणारे माइक बंद करून जेवताहेत आणि शेवटी प्रमाणपत्र ईमेलवर. पॉइंट त्यातूनही मिळतात.

खेड्यातल्या वैद्यकीय शिक्षणात वर्धा जिल्ह्याला वेगळा मान आहे. देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामलाच उभं केलं. तेव्हा या भागातल्या डॉक्टर वाचकांना एकच विनंती: पुढच्या वेबिनारमध्ये माइक चालू करा आणि तुम्हाला न सुटलेली केस मांडा.