इग्लू? छे हो, थर्ड फ्लोअर!

बर्फाळ उत्तरेतले मूळ रहिवासी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? इग्लू आणि कुत्र्यांची गाडी. कट! कॅमेरा शहराकडे वळवा. इनुइट, सामी, साखा मंडळी फ्लॅटमध्ये राहतात, गेम आणि ॲप बनवतात आणि वेळ पडली तर शहरालाच ॲडजस्ट करायला लावतात.

माहीत आहे का? ग्रीनलंडची एक टक्का जनता एकेकाळी एकाच बिल्डिंगमध्ये राहायची! राजधानी नूकमधली ही 'ब्लॉक पी'. मजले ५, फ्लॅट ३२०. १९६०च्या दशकात डॅनिश सरकारने किनाऱ्यावरच्या लहान वस्त्यांतून इनुइट लोकांना शहरात आणून कोंबलं, पण प्लॅन काढला युरोपच्या मापाने. थंडीचे जाडजूड कपडे घातलेला माणूस दारातच अडकायचा. शिकारीचं सामान कपाटात मावेना, म्हणून ते गेलं बाल्कनीत आणि जिन्यात. आणि पकडून आणलेले मासे कापायचे कुठे? बाथटबमध्ये! रक्त गोठून पाइप तुंबायचे. थोडक्यात, ब्लॉक पीचं ड्रेनेजच ब्लॉक! चूक आर्किटेक्टची, बोलणी मात्र रहिवाशांना. २०१२मध्ये ही इमारत पाडली.

आणखी एक गंमत: स्लेज ओढणारी कुत्री नूकमध्ये पाळताच येत नाहीत. त्यांचा इलाखा उत्तर ध्रुववृत्ताच्या वर आणि पूर्व किनाऱ्यावर.

आता चला कॅनडात. इनुइटांच्या नुनावुत प्रदेशातून दक्षिणेकडे येणारा रस्ताच नाही. एकही नाही! नुनावुतची राजधानी इकालुइतहून दक्षिणेतलं ओटावा गाठायचं तर विमान. उपचार, शिक्षण, नोकरी यांसाठी इतके जण आले की मायभूमीबाहेरच्या इनुइटांच्या सर्वात मोठ्या वस्त्यांत आज ओटावाचं नाव घेतात. आणि सामानात काय? कोकणातून येणाऱ्या एसटीत सुकी मासळी असते, तसं यांच्या विमानात कॅरिबू म्हणजे रानटी रेनडिअरचं गोठलेलं मांस आणि 'चार' नावाचा मासा. फ्लॅटमध्ये पोचलं की जमिनीवर पुठ्ठा अंथरायचा, मधोमध मांस ठेवायचं, उलू नावाच्या अर्धचंद्राकृती सुरीने तुकडे पाडायचे आणि सगळ्यांनी भोवती बसून कच्चंच खायचं. गॅस पेटवायची भानगडच नाही!

अलास्कातल्या अँकरेजला गमतीने 'अलास्कातलं सर्वात मोठं नेटिव्ह गाव' म्हणतात. तिथल्या नेटिव्ह हॉस्पिटलात पेशंटला चक्क सीलचं सूप मिळू शकतं. आपल्याकडची हॉस्पिटलं कधी सोलकढी देणार?

गेमर मंडळी, ऐकताय ना? याच अँकरेजमधल्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिलने 'नेव्हर अलोन' हा व्हिडिओ गेम काढला. हिरोइन एक लहान मुलगी, जोडीदार पांढरा कोल्हा, निवेदन इनुपियाक भाषेत. २०१४चा गेम, २०१५ला बाफ्टा पुरस्कार खिशात!

आता सामींच्या मुलखात! नॉर्वेच्या ट्रोम्सोमध्ये फेब्रुवारीत भर मेन रोडवर रेनडिअरची शर्यत लागते. मागे दोरी धरून स्कीवर माणूस. ट्रॅफिक? विसरा!

पण सामींचा गाक्ती हा पारंपरिक पोशाख उलटा घातलेला दिसला की समजा, प्रकरण तापलंय. रेनडिअरच्या कुरणांवर उभ्या केलेल्या पवनचक्क्यांविरोधात २०२३मध्ये सामी तरुणांनी ऑस्लोत मंत्रालयासमोर ठिय्या दिला, तेव्हा अनेकांचे गाक्ती उलटे होते. घोषणा न देताही निषेध!

आणि हे माहीत आहे का? सायबेरियातल्या साखा मंडळींच्या याकुत्स्कमध्ये जानेवारीत पारा उणे ४०च्या आसपास असतो. बाजारात गोठलेले मासे काठ्यांसारखे उभे करून विकतात. फ्रीजची गरज कुणाला? २०१२च्या शेवटी, अशाच हाडं गोठवणाऱ्या थंडीत, तिथल्या टॅक्सी कंपन्यांनी भाडं एकदम वाढवलं. चिडलेल्या लोकांनी सोशल मीडियावर ग्रुप काढला: भाडं प्रवासी सांगणार, पटलं तर ड्रायव्हर येणार. त्यातूनच साखा समाजाच्या आर्सेन तोम्स्कीने 'इनड्रायव्हर' हे टॅक्सी ॲप उभं केलं, म्हणजेच आजचं 'इनड्राइव्ह'. ते भारतातही चालतं. घासाघीस करण्यात आपण तर पीएचडी, तेव्हा होऊन जाऊ दे!