फुकट ऑनलाइन शाळा की स्वतःचं होमस्कूलिंग?

टेक्सासमधल्या मराठी आईबाबांनो, मूल घरी शिकतं म्हणजे होमस्कूलिंग, असं नाही हं! सरकारी ऑनलाइन शाळेतलं मूल कायद्याने सरकारी शाळेचंच. फी नाही, शिक्षक मिळतात. पण हजेरी लागते आणि राज्याची ‘स्टार’ परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

स्वतंत्र होमस्कूलिंगला १९९४च्या लीपर खटल्याच्या निकालाने इथे खासगी शाळेचा दर्जा पक्का करून दिला. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित, नागरिकशास्त्र शिकवा. बाकी सगळं तुमच्यावर. ऐन नोव्हेंबरात महिनाभर पुण्याला आजीकडे? खुशाल जा, गणिताचं पुस्तक बॅगेत टाका. खर्च मात्र बहुतेक तुमच्याच खिशातून.

आणि लहान मुलाला लॉगिनपासून गृहपाठापर्यंत शेजारी मोठं माणूस लागतंच, फुकट शाळेतसुद्धा! दोघं नोकरीला असाल, तर आधी तेवढं ठरवा.